झोपेतली मोट

६ जानेवारी १९४६, रविवार. सातारा.

विजयमाला काल माहेरी गेली. रहिमतपूरला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीतच आहे, तेव्हा यात बोलण्यासारखं काही नाही. कचेरीत मी सगळ्यांना हेच सांगितलं आणि ते खोटंही नाही.

मात्र गाडीत चढताना ती जे म्हणाली ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचून हसता येईल. म्हणाली, "तुमची झोप बरी झाल्याबिगर मी बाळाला घिऊन सातारला येणार न्हाई. आन हे मी रागानं बोलत न्हाई." रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

तिचं म्हणणं असं की मी झोपेत विहिरीवरची मोट हाकतो. तोंडानं टक् टक् करतो, उजवा पाय झाडतो आणि मग घर दणाणेल असा ओरडतो, "सर्ज्या, माघारी!"

आता वस्तुस्थिती. मी मॅट्रिक पास. सरकारी कारकून. जन्मात मोट हाकलेली नाही. सांगलीजवळ आमच्या मळ्यात मी पाळण्यात असतानाच ऑइल इंजिन आलं. मोटेचं चामडं उंदरांनी खाल्लं, बैल विकले. ज्यानं मोटेच्या दोराला हातसुद्धा लावला नाही तो ती हाकणार कशी? हे लॉजिक मी तिला वारंवार समजावलं. मी लॉजिक सांगायला लागलो की ती भाकरी थापायला घेते.

गेल्या महिन्यात ती पलंगावरून खाली पडली. ती म्हणते, माझ्या पायाचा धक्का बसला. माझ्या मते पलंग अरुंद आहे. सुईण येऊन बघून गेली, बाळ सुखरूप आहे म्हणाली. सुखरूप म्हटल्यावर विषय संपला. त्यानंतर बऱ्याच रात्री मी खुर्चीत बसून काढल्या, पण ते उकाड्यामुळे. डिसेंबर असला तरी ह्या खोलीत उकडतं.

संकल्प: बाळंतपणाच्या आत झोप दुरुस्त करणे. विल पॉवर असली की झालं.

८ जानेवारी.

घरमालकीण भामाबाई पलीकडच्या खोलीत राहते. मध्ये कुडाची भिंत. सकाळी पाणी तापवताना म्हणाली, "आवं मानसिंगराव, बाई माहेरी गेल्या म्हून घरात बैलं आणून बांधली व्हय?"

हसलो. म्हातारीचे कान तिखट आहेत, एवढाच याचा अर्थ.

आज रात्री मफलरनं जबडा बांधून झोपणार. साधा सायंटिफिक उपाय. अजून कुणाला सुचला कसा नाही याचं नवल वाटतं.

९ जानेवारी.

यश! भामाबाईच्या साक्षीनं लिहितो. तिचे शब्द: "बोलणं न्हाई आलं बगा. नुस्ती टकटक हुती. आन मदीच कुणाचा तरी गळा दाबल्यागत आवाज आला, तवा मी उठून देवाफुडं दिवा लावला."

बोलणं गेलं. एका रात्रीत निम्मं काम झालं. विजयमालाला आजच कळवावं असं वाटलं, पण सगळं पुरं झाल्यावर एकदम कळवू.

गळ्यावर वळ उठला आहे. कचेरीत बंद गळ्याचा कोट घालून गेलो.

१६ जानेवारी.

मूळ कारण सापडलं. वांगी.

रात्री वांगं खाल्लं की पित्त चढतं, पित्त डोक्यात गेलं की मेंदू नको ते उद्योग करतो. वांगी बंद. ताकही बंद. डोक्याला ब्राह्मीचं तेल. झोपण्यापूर्वी शीर्षासन.

१७ जानेवारी.

शीर्षासन बंद. कंदील फुटला.

२२ जानेवारी.

आठवडाभर वांगं नाही तरी टकटक कायम. भामाबाई आता दाराशी येऊन सांगत नाही, नुसती माझ्याकडे बघून मान हलवते.

विचार करता लक्षात आलं की खरा प्रश्न तोंडाचा नाही, पायाचा आहे. तोंडानं कुणी पडत नाही. तेव्हा आज उजवा पाय पलंगाच्या खुराला धोतरानं बांधून झोपणार. गाठ पक्की मारली आहे.

२३ जानेवारी.

सकाळी जाग आली तेव्हा पलंग दाराला टेकला होता. झोपताना तो खिडकीखाली होता. मी त्याच्यावरच होतो. म्हणजे अर्धा. धोतर फाटलं.

भामाबाई म्हणाली, "आता मोट न्हवं, गाडाच जुपला जनू!"

यातून एक गोष्ट सिद्ध झाली. माझी प्रकृती उत्तम आहे.

३ फेब्रुवारी, रविवार.

मेहुणा बाळासो काल आला. पलटणीतून नुकताच सुटून आला आहे. इटलीपर्यंत जाऊन आल्यामुळे आता साधं पाणी मागतानाही हुकूम दिल्यासारखा मागतो. विजयमालानं त्याला मुद्दाम पाठवलं असणार. रात्री मुक्कामाला राहिला आणि सकाळी उभं राहून रिपोर्ट दिला.

"दाजी, तुमी झोपलासा. मंग थोड्या येळानं पाय चालू. मंग टकटक. मंग कमांडिंग. लय कडक कमांडिंग, दाजी! मी खाटंवरनं उठून अटेन्शनमधी हुबा राह्यलो, तवा कळलं का ह्यो बैलाला हुकूम हाय."

मी त्याला वांग्याचं सांगितलं. तो म्हणाला की त्याच्या पलटणीतला कॅप्टन डॉक्टर आता मिरजेत दवाखाना घालून बसला आहे. लढाईत माणसं झोपेत ओरडायची, त्या विषयाचा त्याला नाद. त्याला दाखवा म्हणाला.

दाखवायला मला काही झालेलं नाही. पण विजयमालाच्या समाधानासाठी जाईन. रजा मागितली आहे. कारण: दात.

जाताना बाळासो दारात थांबला. म्हणाला, "अक्का काय बोलत न्हाई, दाजी. पर राच्ची दचकून उठती आन पोटावर हात ठिवून बसती. आय सांगत हुती."

तो गेल्यावर जेवलो नाही. वांगं नव्हतं तरी.

१० फेब्रुवारी, रविवार. मिरज.

डॉक्टर तरुण आहे, उंच, सारखा विड्या ओढतो. माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुश झाला. पेशंटला बघून डॉक्टर खुश होणं बरं लक्षण नव्हे, पण तो वेगळ्याच अर्थानं खुश होता.

तो म्हणाला, आपण झोपलो म्हणजे मेंदू झोपला असं नाही. आत काम चालूच असतं. विलायतेत आता यंत्र निघालं आहे. डोक्याला तारा चिकटवतात आणि मेंदूत जी बारीक वीज खेळते ती कागदावर लेखणीनं आपोआप उमटते. जाग वेगळी उमटते, झोप वेगळी. आणि जुळ्या भावांचे कागद शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे ओळखू येत नाही, असं त्यानं एका मासिकात वाचलं आहे. थोडक्यात, नाक जसं बापाचं येतं तशी झोपही येत असेल, असं त्याला वाटतं.

मी म्हणालो, पण मी जुळा नाही.

त्यानं विचारलं, "वडील झोपेत काय करतात?"

मी म्हणालो की त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

तो विडी विझवून म्हणाला, "म्हणजे करतात. घेऊन या त्यांना."

मी स्वतंत्र माणूस आहे. स्वतःच्या हिमतीवर मॅट्रिक झालो. झोपेच्या बाबतीत मला बापाच्या ओळीत बसवणं हा अपमान आहे. तरी नेईन, म्हणजे एकदाचं सिद्ध होईल की संबंध नाही.

१२ फेब्रुवारी. गावी.

आबांना सांगितलं. वाटलं होतं ओशाळतील. उलट उठून नवा पटका काढला. आगगाडीत बसायला मिळणार म्हणून स्वारी खुशीत.

आबा, म्हणजे माझे वडील जोतीराम, बाहेरच्या सोप्यात झोपतात. मला कळतं तेव्हापासून तिथेच. आई असेपर्यंत ती आत माजघरात झोपायची, दार उघडं ठेवून. लहानपणी मला वाटायचं त्यांचं भांडण आहे. म्हणून मी आबांच्या कुशीत जाऊन झोपायचो, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. चुलत्यांनी मला साताऱ्याच्या बोर्डिंगात घालेपर्यंत असंच चाललं.

आज मी सरळ विचारलं, तुम्ही सोप्यात का झोपता?

आबा म्हणाले, "आरं, तुज्या आयला मी पाडली हुती एकदा. तू पोटात हुतास. मंग आलो भाईर. माजा बा मळ्यातल्या माच्यावरनं दोनदा खाली आला हुता झोपंत. आपली झोपच राबती हाय गड्या."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. घराण्यात कुणी सुभेदार असल्यासारखं.

वर त्यांनी उपायही सांगितला. भुशाचं पोतं घट्ट शिवून उजव्या पायाशी ठेवायचं, मग लाथा पोत्याला बसतात. त्यांचं पोतं मी पाहिलं. मध्ये खड्डा पडला आहे.

विसाव्या शतकात विलायतेत मेंदूची वीज मोजतात आणि आमच्याकडे भुशाचं पोतं! मी हसून सोडून दिलं.

१७ फेब्रुवारी, रविवार. मिरज.

प्रयोग झाला. यंत्र नसल्यामुळे डॉक्टरनं माणसं लावली. मी दवाखान्याच्या ह्या टोकाच्या खोलीत, आबा त्या टोकाच्या. मध्ये बंद दारं. दोघांच्या उशाशी एकेक नर्स बसवून ठेवली.

सकाळी नर्सांचे दोन्ही कागद डॉक्टरनं शेजारी ठेवले आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. झोप लागल्यापासून जेवढ्या वेळानं आबांचा पाय सुरू झाला तेवढ्याच वेळानं माझा. उजवाच. मग टकटक. मग हाक. ह्या टोकाला "सर्ज्या, माघारी", त्या टोकालाही "सर्ज्या, माघारी". माझ्या नर्सनं शेवटी लिहिलं होतं की पेशंट झोपेत अतिशय समाधानी दिसत होता.

मी म्हणालो, योगायोग.

डॉक्टर म्हणाला, "पाय कधी हलवायचा, मेंदू कधी उठून कामाला लागणार, हे तुम्ही जन्मताना घेऊन आलात. ते बदलायचं औषध माझ्याकडे नाही. शब्दांचं मात्र तसं नाही. शब्द रक्तातून येत नाहीत. लहानपणी वडिलांच्या कुशीत झोपून तुम्ही ते ऐकलेत आणि उचललेत."

सापडलं! वडिलांच्या कुशीत झोपून! म्हणजे हा सगळा संगतीचा परिणाम. हे मी पहिल्यापासून म्हणत होतो, वांग्याच्याही आधी. डॉक्टर आणखीही बरंच काही बोलला, पण मुद्दा एवढाच.

उपाय उघड आहे. संगत तोडायची.

मिरज स्टेशनवर आबांना सांगितलं. तुम्ही तूर्त साताऱ्याला येऊ नका, मीही गावी येणार नाही, डॉक्टरी कारण आहे. नीट समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पोरगं झाल्यावर बगाय तर यिऊ का?" मी म्हणालो, बघू.

त्यांची सांगलीची गाडी आधी सुटली. बाकावर भाकरीचं गठुळं विसरून गेले. माझ्या गाडीत बसून ते सोडलं. भाकरी, खर्डा आणि वेगळ्या फडक्यात तिळाच्या वड्या. आबांना दात नाहीत. वड्या ते खात नाहीत.

३ मार्च, रविवार. सातारा.

अपूर्व यश. आठवडा झाला, भामाबाईची एकही तक्रार नाही. टकटक नाही, हाक नाही, काही नाही. संगत तोडल्याचा रिझल्ट इतका झटपट येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

विजयमालाला सविस्तर कळवलं. रोग मुळासकट गेला, तू निश्चिंत राहा, बाळासकट लवकर ये. खाली पूर्ण सही केली.

रात्री विडा खाल्ला.

५ मार्च.

भामाबाई आज सकाळी कोरेगावहून आली. आठवडाभर लेकीकडे होती.

६ मार्च.

भामाबाई म्हणाली, "काल तर लय पाणी काढलंसा."

१५ मार्च.

नवा विचार. झोपेत होतं ना? मग झोपायचंच नाही. नेपोलियन म्हणे फार थोडा झोपायचा. सवयीचा प्रश्न आहे.

रात्रभर खोलीत येरझारा. चहा. पाढे म्हटले. एकोणतिसाचा येत नाही हे कळलं.

१८ मार्च.

तीन रात्री यशस्वी. डोळ्यांपुढे कचेरीतल्या फायली हळूहळू पोहतात. मजा वाटते.

१९ मार्च.

कचेरीत दुपारी टेबलावर डोकं टेकलं, क्षणभर. हेडक्लार्क नानासो समोरून येत होते. पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी टेबलाला लाथ मारली, टक् टक् केलं आणि डोळे मिटलेले असताना हेडक्लार्कला म्हणालो, "माघारी!"

आणि नानासो पाय मागे टाकत दारापर्यंत गेले म्हणतात. तिथं कपाटाला डोकं आपटल्यावर थांबले.

मेमो मिळाला. नानासो एकटे असताना हळूच म्हणाले, "माने, राग नाही. पण तुमच्या आवाजात असं काय आहे हो? पाय आपोआपच गेले."

मी मेमोची घडी घालून खिशात ठेवली.

२४ मार्च, रविवार.

आज उपाय लिहीत नाही. सगळे संपले.

मफलर, वांगं, तेल, धोतर, डॉक्टर, जागरण. आता काही उरलं नाही. मला भीती वाटते. हातभर पोर असतं. मी झोपलेला असणार, मला काही कळणार नाही, आणि सकाळी उठून मी विचारणार की काय झालं. मी वाईट माणूस नाही. जागेपणी मी मुंगीवर पाय देत नाही. पण रात्री माझ्यात जो उठतो तो कोण, त्याला मी अजून एकदाही भेटलेलो नाही. त्याच्याशी बोलायचं कसं?

विजयमालाचं बरोबर आहे. तिनं येऊ नये.

३० मार्च.

मुलगा झाला! काल पहाटे. बाळासो सांगायला आला. दोघं सुखरूप.

कालचा मजकूर खचलेल्या मनःस्थितीतला समजावा. कालचा नव्हे, रविवारचा.

बारसं नऊ तारखेला. विजयमालाचा निरोप: सकाळच्या गाडीनं यावं, संध्याकाळच्या गाडीनं जावं. मुक्काम नको. बाळासो हे सांगताना बुटांकडे बघत होता. मी म्हणालो, साहजिक आहे, घरात पाव्हण्यांची गर्दी असेल.

संकल्प: बारशाच्या दिवशी रहिमतपुरात एक पापणीसुद्धा मिटायची नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिवसभर जागा आणि शुद्धीवर असलेला बाप पाहिला की तिचं मन वळेल. योजना सोपी आहे. दिवसाउजेडी न झोपणं कुणालाही जमतं.

९ एप्रिल, मंगळवार. रहिमतपूर.

जेवढं मला कळलं आणि जेवढं सांगण्यात आलं तेवढं लिहितो.

काल रात्री धास्तीनं झोप लागली नाही. सकाळी गाडीनं पोचलो. आबा माझ्याआधी आले होते. सासरे तात्याबांनी त्यांना बोलावलं होतं. मला बघून आबा उठले आणि सोप्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मीच सांगितलं होतं लांब राहायला. दिवसभर ते तसेच लांब बसले होते, पटका मांडीवर घेऊन.

नाव ठेवलं जोतिबा. बायकांच्या घोळक्यात मला नुसतं टोपडं दिसलं. विजयमाला एकदा माझ्याकडे बघून हसली. थकली आहे. मला इतकं बरं वाटलं की पुरणाच्या पोळ्या मोजायचं भान राहिलं नाही.

जेवणानंतर पुरुषमंडळी घरालगतच्या मळ्यात आंब्याखाली बसली. समोर विहीर. उसाला पाणी चालू होतं, त्यांच्याकडे अजून मोटच आहे. मोटेवर गुंडा नावाचा गडी. चाक कुरकुरत होतं, पाणी काठच्या दगडी थारोळ्यात धबाधबा पडत होतं. मी खोडाला टेकलो होतो. विजयमालाशी काय बोलायचं त्याचा विचार करण्यासाठी डोळे क्षणभर मिटले. विचार करण्यासाठी.

मग आरडाओरडा ऐकून उघडले.

झालं होतं ते असं. भरलेली मोट वर येत होती. बैल उतारावर पुढे ओढत होते. गुंडा मोटेच्या नाड्यावर, त्या जाड दोरावर, बसून त्यांना पुढे हाकत होता. अशा वेळी आंब्याखालून टकटक झाली आणि मोट रिकामी झाल्यावर द्यायची हाक आली, "सर्ज्या, माघारी!" त्या बैलांत एकाचंही नाव सर्ज्या नाही. तरी दोघं जागच्या जागी थबकले आणि पाय मागे टाकत निघाले. भरली मोट उलटी विहिरीत गेली, काठाच्या दगडावर फाटली. नाडा सैल पडला, गुंडा धुळीत. बैल मात्र मागे येऊन जागेवर अगदी शहाण्यासारखे उभे राहिले. मी म्हणे तेव्हा पाय झाडून त्यांना शाबासकी दिली.

सगळा मळा माझ्याकडे बघत होता. बायका घरातून धावत आल्या होत्या. विजयमालाही दारात उभी होती. माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून तशीच आत गेली.

तात्याबा फाटलेल्या चामड्याजवळ गेले, मग बैलांकडे, मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आता शिव्या बसणार म्हणून मी उभा राहिलो. ते म्हणाले, "पाव्हणं, ही बैलं माजं सुदीक तिसऱ्या हाकंला ऐकत्यात. ह्यो गुंडा तर घसा फोडून मेला. तुमाला शिकवली कुणी ही हाक?"

मी म्हणालो, कुणी नाही.

"आवं, मंग कचेरीत काय करताय तुमी?"

लोक हसले. गुंडाही हसला. लांब बसलेले आबा तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

मोटेच्या गोंधळात संध्याकाळची गाडी चुकली. मुक्काम नको म्हणाली होती, आता मुक्काम करावा लागणार. गोठ्यात झोपतो म्हणालो. तात्याबा हात जोडून म्हणाले, "नगं, पाव्हणं. बैलं रातभर माघारी जातील." शेवटी देवळात पथारी टाकली. बाळाला अजून हात लावलेला नाही. आता ती कशी येणार? सगळं संपलं. बारशाच्या दिवशी, भर दुपारी, सासुरवाडीत.

१० एप्रिल, सकाळ. रहिमतपूर.

देवळातून उठून कुणाला न सांगता स्टेशनवर निघालो होतो. वाटेत सासूबाई साळूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "घरात चला. आबास्नी बी आत बोलावलंय तिनं."

बाळंतिणीच्या खोलीत शेकाचा वास. विजयमाला बाजेवर बसली होती. तिनं ओठावर बोट ठेवून पाळण्याकडे दाखवलं.

जोतिबा झोपला होता. टोपडं, मुठी मिटलेल्या. नाक आबांचं. आम्ही बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं दुपटं हललं. उजवा पाय बाहेर आला. इवलासा. मागे गेला, आणि झपकन झाडला. परत मागे, परत झाडला. मग ओठ हलले आणि आवाज आला.

टक्. टक्.

मी म्हणालो, काल माझा आवाज घरापर्यंत आला असेल. ऐकून शिकला. संगतीचा परिणाम फार लवकर होतो.

साळूबाई म्हणाल्या, "पैल्या दिसापासनं करतुया. तुमी तवा सातारात हुतासा."

आबांनी पाळण्यात बोट घातलं. पायानं त्यालाही लाथ घातली. आबा रडत हसायला लागले. "ह्यो बगा," म्हणाले, "ह्यो बगा, ह्याला कुणी शिकवलं न्हाई!"

विजयमालाला विचारलं, काल तू रागावून आत गेलीस ना? ती म्हणाली, "रागावून? आवं, तुमी आंब्याखाली पाय झाडत हुतासा आन ह्यो हितं पाळण्यात तेच करत हुता. मी त्येला बगाय पळाले. हसू आवरंना, टाकं दुखाय लागलं."

मग बाळाचं दुपटं सारखं करत म्हणाली, "पैल्या दिवशी मी लय रडले. वाटलं, तुमच्यापासनं ह्येला लांब ठेवायचं म्हून हितं आले, आन तुमी आदीच ह्येच्यात यिऊन बसलाय. आता ह्येला कुठं टाकू? ह्येला ठिवून घ्यायचं तर तुमालाबी ठिवून घ्याया पायजे."

महिन्यानं ती साताऱ्याला येणार आहे. पलंग तिचा आणि बाळाचा, आत. मी बाहेरच्या पडवीत. मधलं दार उघडं. आबाही काही दिवस येतील. त्यांची पथारी माझ्या शेजारी. मी नको म्हणालो नाही.

बाळाला मांडीवर घेतलं. झोपेतच त्यानं माझ्या पोटात एक ठेवून दिली. बरीच लागली.

कामं: कोरेगावच्या बाजारातून भुशाचं पोतं आणणे. घट्ट शिवलेलं.

विजयमाला म्हणाली, एक लहानही बघा.